गं म्हणायचं राहिलं

इत्सियार गेली ही बातमी मला ऑफिसच्या मेलवरून कळली, आणि त्या मेलमध्ये ती पुरुष होती. रविवारची सकाळ होती. ओमानमधल्या सोहारच्या आमच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी नुकत्याच आलेल्या धातूच्या चकत्या तपासणीसाठी घासायला घेतल्या होत्या, हातात रबरी मोजे होते, आणि समोरच्या संगणकावर मेल येऊन बसला होता. आमचे ज्येष्ठ सहकारी मिस्टर इत्सियार यांचं दुःखद निधन, त्यांच्या कुटुंबाच्या दुःखात आम्ही सहभागी… मेल इंग्रजीत होता, त्यामुळे 'ही', 'हिम', 'हिज' यांची नुसती रांग लागली होती. अकरा वर्षं जिच्या सहीशिवाय मालाची एक गाडी फाटकाबाहेर गेली नाही, तिचं नाव बाईचं आहे की पुरुषाचं हे विचारायला कुणी शेजारच्या टेबलापर्यंत गेलं नव्हतं. मी मेल दोनदा वाचला, मोजे काढले आणि बेसिनपाशी जाऊन हात धुवत राहिले. माणूस गेल्यावर आधी रडू यायला हवं. मला आधी राग आला. दुपारी दुरुस्तीचा मेल आला : 'कृपया मिस्टरऐवजी मिस असे वाचावे.' पुढचे 'ही' आणि 'हिज' तसेच होते, ते आमचे आम्ही दुरुस्त करून वाचायचे होते.

या गोष्टीला दीड महिना झाला. एवढ्या दिवसांत राग निवतो म्हणतात. माझा निवलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

इत्सियार बास्क होती. स्पेनच्या उत्तरेला, फ्रान्सच्या हद्दीला लागून, डोंगर जिथे समुद्रापर्यंत उतरतात तिथले हे लोक. त्यांची भाषा शेजारच्या एकाही भाषेच्या नात्यातली नाही, असं ती पहिल्याच दिवशी सांगून टाकायची, जणू आपण तिच्यावर स्पॅनिश असल्याचा आरोप केला आहे. ती आमच्या गुणवत्ता विभागाची प्रमुख आणि मी प्रयोगशाळेतली केमिस्ट. माझे यजमान आणि मुलगी ईशा मस्कतला, अल हैल भागात राहतात. मी रविवार ते गुरुवार सोहारला, कंपनीच्या वसाहतीत, आणि गुरुवारी संध्याकाळी घरी. वसाहतीत इत्सियारचं दार माझ्या समोर होतं. पहिली दोन वर्षं आम्ही एकमेकींना 'गुड मॉर्निंग' म्हणत होतो आणि त्यापलीकडे काही नाही. ती फटकळ होती, मीही काही गोड बोलणारी नाही.

मग एकदा जेवणाच्या सुट्टीत संगमेश्वरहून माझ्या बहिणीचा, विजूचा फोन आला. नेहमीच्या गप्पा झाल्या, हो गं, नाही गं, पाठव गं. लगेच मागून भावाचा आला, त्याच्याशीही बोलले. मग यजमानांचा. फोन ठेवला तर समोर इत्सियार काटा हवेत धरून बसलेली. आमचं एकमेकींशी बोलणं इंग्रजीत चालायचं, तिचं स्पॅनिश वळणाचं आणि माझं रत्नागिरीच्या वळणाचं, पण प्रश्न तिने नेमका विचारला. "पहिल्या माणसाशी बोलताना तू दर वाक्याच्या शेवटी एक आवाज काढत होतीस. दुसऱ्याशी बोलताना वेगळा. तिसऱ्याशी बोलताना दोन्ही नाहीत. ते काय आहे?" मी चाळीस वर्षं मराठी बोलत होते, मला हा प्रश्न कधी पडला नव्हता. मी सांगितलं, बाईला गं, पुरुषाला रे, आणि ज्याला 'तू' म्हणत नाही त्याला यांतलं काही नाही, त्याला फार तर 'हो'. नवऱ्याला 'अहो'. तिने काटा खाली ठेवला आणि म्हणाली, "आमच्यात आहे हे." नवीन ओळख झालेल्या माणसाचं गाव आपल्या शेजारचं निघावं, तसा तिचा चेहरा झाला होता.

त्यांच्यात ते आमच्याहून कडक आहे. एरवी बास्कमध्ये स्त्रीलिंग-पुल्लिंग ही भानगडच नाही. टेबल तो नाही, खुर्ची ती नाही, आणि माणूससुद्धा तो किंवा ती नाही. दोघांना एकच शब्द. पण समोरच्याला म्हणायला दोन शब्द आहेत. 'सु' हा मानाचा, सगळ्यांना चालणारा. आणि 'हि' हा सलगीचा, अगदी जवळच्याला, सोबत वाढलेल्याला. एकदा का कुणाशी 'हि'वर आलात, की वाक्यावाक्याच्या क्रियापदाला विचारावं लागतं, ऐकणारा बाई आहे की पुरुष? 'मी आले' हे सरळ सांगायचं तर 'एतोरी नाइस'. मित्राला सांगायचं तर 'एतोरी नाउक'. मैत्रिणीला, 'एतोरी नाउन'. पाऊस पडतोय, दूध नासलंय, मामा वारला… या वाक्यांत ऐकणारीचा काही संबंध नसतो, तरी ती क्रियापदाच्या शेपटाला असते. आमचं गं घातलं काय, गाळलं काय, चालतं. त्यांचं गाळता येत नाही. "माणूस लांब असला की आमच्या भाषेला तो कोण याची पर्वा नसते," ती म्हणाली होती. "जवळ आला की विचारते." मी तिला आमचं व्याकरण सांगायला गेले आणि फसले, कारण आमच्याकडे मी म्हणजे प्रथम पुरुष, तू म्हणजे द्वितीय पुरुष आणि ती म्हणजे तृतीय पुरुष. "ती सुद्धा पुरुष?" ती इतकी हसली की पलीकडच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. त्या मेलची आठवण झाली की मला ते हसणं ऐकू येतं. तिला तृतीय पुरुष करून टाकायला आमच्या लोकांना एक सकाळ पुरली.

पुरुषाशी बोलायच्या त्या पद्धतीला 'तोका' म्हणतात आणि बाईशी बोलायच्या पद्धतीला 'नोका'. मी म्हटलं, आमच्या कानाला हे 'नको का' असं ऐकू येतं. ती म्हणाली, बरोबर ऐकू येतंय. मग तिने जे सांगितलं ते सांगताना तिच्या तोंडाला कडवट चव आलेली दिसत होती. तोका अजून चाललंय. पोरं मैदानावर बोलतात, गुत्त्यात बोलतात, म्हातारे अभिमानाने बोलतात, त्यात मर्दपणा वाटतो. नोका मात्र मरायला टेकलंय. बायकांनीच ते टाकलं, कारण त्यांना ते टाकायला शिकवलं. तिच्या शाळेतल्या बाई म्हणायच्या, ही गोठ्यातली भाषा, चांगल्या घरच्या मुलींनी असं बोलू नये. आणि घरात तिच्याहून दोन वर्षांनी मोठा भाऊ, आन्देर. लहानपणी दोघं एकमेकांना 'हि' म्हणून मारामाऱ्या करायची. ती दहा वर्षांची झाली आणि एका दिवसापासून तो तिला 'सु' म्हणायला लागला. त्याच्या मित्रांशी, चुलतभावांशी, अगदी कुत्र्याशीही 'हि', फक्त बहिणीला 'सु'. "तो मला मान द्यायचा," ती म्हणाली. "मान देऊन त्याने मला बाहेर उभं केलं." चाळीस वर्षं झाली तरी तिचा तो राग ताजा होता. तेव्हा मला वाटायचं, एवढं काय त्यात. आता वाटत नाही.

नोका बोलणारी तिच्या आयुष्यात एकच उरली होती, तिची मावशी. दर शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी मावशीचा फोन असायचा. मी सोहारला थांबले असले तर समोरच्या दारातून तो ऐकू यायचा. एरवी शिस्तीत, तोलून बोलणारी ही बाई त्या अर्ध्या तासात वेगळीच असायची, आवाज चढायचा, हसू फुटायचं, मधेच भांडण व्हायचं. मग ती मावशी गेली. इत्सियार रजा घेऊन गावी गेली, आठ दिवसांनी परत आली आणि माझ्या दारात उभी राहून म्हणाली, "मला आता नोका बोलायला कुणी नाही. एकटीला ते बोलता येत नाही. ऐकायला बाई लागते." आणि मग विचारलं, "तू शिकशील?"

मी शिकले. फार नाही, पंचवीसेक वाक्यं, पण खरी वापरात असलेली. सकाळी मी प्रयोगशाळेचं दार ढकलून म्हणायचे, "एतोरी नाउन." ती संगणकावरून मान न उचलता म्हणायची, "आलीस गं?" तिचं गं थेट नाकातून यायचं. नमुन्यांच्या कपाटाच्या दाराला आतून तिने एक कागद चिकटवला होता, त्यावर दोन रकाने, एकावर नाउक, दुक आणि खाली रे, दुसऱ्यावर नाउन, दुन आणि खाली गं. देवनागरी ती स्वतः चितारायची, 'ग'वरचा अनुस्वार हरभऱ्याएवढा. आणि माझं एखादं काम मनासारखं झालं की ती मावशीचं वाक्य म्हणायची, "ओन्दो एगिन दुन." छान केलंस गं. पुरुषाला 'दुक', मानाने 'दुसु', आणि मला 'दुन'. मला सांगायला लाज वाटत नाही, पन्नाशीची मी, त्या एका 'दुन'साठी चकत्या दोनदा घासायचे.

एकदा तिला मी अल हैलला घरी नेलं, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. पंधराएक बायका होत्या, मुंबईच्या, पुण्याच्या, एखादी नागपूरची. इत्सियारने वसाहतीत दोन दिवस तयारी केली होती. आल्या आल्या तिने दारातल्या बाईला म्हटलं, "अगं, ये ना. बस गं." सगळ्या हसल्या. एक जण म्हणाली, "अरे, ही तर डिट्टो माझ्या सासूबाईंसारखी बोलते." दुसरी म्हणाली, "सो क्यूट. अगं म्हणजे कसं काकूबाई वाटतं ना." आणि मग आपापसात सुरू झाल्या, अरे काय सांगतेस, अरे ऐक ना रे, जा रे, काहीही हं. बाईने बाईला, रे. इत्सियारला तर सगळ्यांनी 'तुम्ही' करून टाकलं, तुम्ही घ्या ना, तुम्हाला तिळगूळ चालतो ना. ती तासभर ताठ बसून राहिली. परतताना गाडी चालवत ती म्हणाली, "तुमच्याकडे पण सुरू झालंय." मी म्हटलं, त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. "आमच्याकडेही कुणाच्या मनात वाईट नव्हतं," ती म्हणाली. बरका गाव मागे पडलं. मग एकदम म्हणाली, "काकूबाई म्हणजे काय?" मी अर्थ सांगितला. तिने खिडकी खाली केली आणि बाहेर थुंकली. खोटं नाही सांगत, महामार्गावर, ऐंशीच्या वेगात.

गं म्हणजे सगळं गोड असंही नाही, हे मी तिला सांगितलं होतं. आमच्या यजमानांना मी अहो म्हणते, ते मला अगं म्हणतात. "अगं, चहा टाक." त्यात विजूचं गं नसतं. ते वरून खाली येतं. तिला ते लगेच कळलं. त्यांच्याकडे नवरा-बायको एकमेकांना 'हि' म्हणत नाहीत, दोघंही 'सु', आणि 'हि' गाईलाही म्हणतात आणि रागावल्यावर कुणालाही. शब्द एकच, कोण म्हणतंय त्यावर सगळं. "म्हणून तर बायकांनी बायकांना म्हणायला हवं," ती म्हणायची. "एकदा आपण सोडलं की मग उरतं ते फक्त गाईला हाकलायला." ईशाला मी हे सांगायला गेले. ती इथल्या भारतीय शाळेत शिकलेली, मैत्रिणींशी इंग्रजी, माझ्याशी अडखळत मराठी. "अरे मम्मा, इट्स जस्ट अ साउंड," म्हणाली. मी चिडले. चिडून म्हणाले, "अरे, पण…" आणि माझं मलाच ऐकू आलं. ईशा फिदीफिदी हसली. ते तेव्हाच नीट लक्षात ठेवायला हवं होतं.

मार्चमध्ये तिच्या स्वादुपिंडात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी महिन्यांतच हिशेब सांगितला. गावी जा म्हटलं तर जाईना. म्हणाली, गावी मला सगळे मान देतील. वसाहतीतल्या तिच्या गॅलरीत, दुपारच्या उन्हात, कारखान्याच्या धुराड्यांकडे तोंड करून बसलो होतो. तिने माझ्याकडून एक गोष्ट मागितली. "मी गेले की आन्देर येईल. कंपनी सभा घेईल. सगळे मानाने बोलतील. तू उठून मला एक वाक्य म्हण. मोठ्याने. ओन्दो एगिन दुन. बस. निदान एक वाक्य तरी माझ्याशी बाई म्हणून कुणीतरी बोललेलं असेल." मी हो म्हटलं. त्यात अवघड काय होतं? तीन शब्द. मी ते रोज ऐकत होते.

शेवटची भेट मस्कतच्या हॉस्पिटलात, एका शुक्रवारी दुपारी. आन्देर दोन दिवसांपूर्वी आला होता. इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज, मी आत शिरताच उठून खुर्ची दिली. तो वाईट माणूस नव्हता, हीच पंचाईत. बहिणीची उशी सरळ करताना, पाणी देताना, तिच्याशी तो जे बोलत होता ते मला आता थोडंफार कळत होतं, आणि त्यातलं एकेक क्रियापद 'सु'चं होतं. मरायला टेकलेल्या बहिणीला तो पाहुण्यासारखं वागवत होता. इत्सियार डोळे मिटून पडली होती. हात नुसती काडी. मी तो हातात घेतला, आणि मला काहीतरी बोलायचं होतं म्हणून म्हटलं, "अरे, असं काय करतेस, बरी होशील तू." तिने डोळे उघडले. प्रयोगशाळेत मोजमाप चुकलं की जसं एक बोट हलवायची, तसं बोट हलवलं. "अगं," म्हणाली.

तेवढंच. मग दमली आणि झोपली. आन्देरने विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, काही नाही, आमच्या भाषेतलं आहे. तो समजुतीने हसला आणि म्हणाला, तिला असल्या गोष्टींचा नाद होता. मला त्या हसण्याची शिसारी आली. पण त्याहून जास्त माझी आली. बास्कच्या डोंगरातून आलेल्या मरणाऱ्या बाईला माझं मराठी दुरुस्त करावं लागलं होतं. शनिवारी ती गेली. माझा नंबर आन्देरच्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेला होता, पण त्याने कंपनीला कळवलं, आणि कंपनीने मला मेल पाठवला, तो वर सांगितलाच.

कागदपत्रांना चार दिवस लागणार होते, त्यामुळे शवपेटी तिच्या गावी निघायच्या आदल्या दिवशी कंपनीच्या सभागृहात शोकसभा झाली. मी वाक्य पाठ करून गेले होते. पाठ करण्यासारखं त्यात काही नव्हतं, तरी सकाळपासून आंघोळीत, बसमध्ये, जिन्यावर म्हणत होते. सभा सुरू व्हायच्या आधी चहा होता. एचआरचा साहेब माझ्याकडे एक छापील कागद घेऊन आला. "मॅडम, टाइम कम है. आप बस ये पढ़ लीजिए. एकदम रिस्पेक्टफुल है." कागद घेऊन मी आन्देरकडे गेले, कारण मला वाटलं त्याला आधी सांगावं, त्याच्या बहिणीची शेवटची इच्छा आहे. मी सांगितलं. तो ओशाळला. खरोखर ओशाळला, कानापर्यंत लाल झाला. "कृपा करून ते नको," म्हणाला. "तुम्हाला कल्पना नसेल. ते गोठ्यातलं बोलणं आहे. लोकांसमोर बाईला असं म्हणणं म्हणजे… तो तिचा अपमान होईल. सभेचं चित्रण आई बघणार आहे." आणि माझ्या दंडाला अलगद हात लावला. "तुम्ही तिच्या फार चांगल्या मैत्रीण होतात."

नोका. नको. मला वाटलं होतं मी भांडेन. मी आयुष्यभर लोकांशी भांडत आले आहे, भाजीवाल्याशी, शाळेशी, यजमानांशी. इथे एका बाईने शेवटचं मागितलेलं तीन शब्दांचं काम होतं आणि समोर एक सभ्य, लाजलेला माणूस उभा होता, बस. मंचावर गेले, माईक धरला, समोर दीडशे माणसं. पहिल्या रांगेत साहेब मंडळी, त्यांच्या मागे भट्टीवरची माणसं, कुणीतरी मोबाइलवर चित्रण करत होतं. मी तोंड उघडलं, आणि कागद वाचला. पूर्ण. 'एक आदरणीय सहकारी, पुरुषांच्या बरोबरीने काम करणारी…' त्यात अजून एका ठिकाणी 'हिज डेडिकेशन' राहिलं होतं. वाचता वाचता मी ते 'हर' केलं. माझं त्या दिवशीचं शौर्य एवढंच. टाळ्या झाल्या. शोकसभेत टाळ्या वाजवतात हेही मी तिथेच पहिल्यांदा पाहिलं. आन्देरने दोन्ही हातांनी माझा हात धरला, डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. म्हणाला, खूप सुंदर बोललात. मी स्वच्छतागृहात जाऊन तोंडावर पाणी मारलं. आरशात बघवेना. तिला आयुष्यभर ज्यांनी मान देऊन बाहेर उभं केलं, त्यांच्या रांगेत जाऊन मी उभी राहिले होते, आणि माझ्या हातात छापील कागद होता.

पेटी गेली. यजमान म्हणाले, "अगं, किती लावून घेतेस. मेलेल्या माणसाला काय कळतंय, तू काय म्हणालीस ते?" बरोबर आहे त्यांचं. पण तिला ते मेल्यावर ऐकायला हवं होतं असं नाही. तिला हवं होतं की म्हणणारी एक तरी असावी. त्या महिन्यात मी घरी कुणाशी धड बोलले नाही. हळदीकुंकवाला यायच्या त्या मराठी मंडळातल्या बायकांचा ग्रुप बंद केला. 'अरे मिस यू रे' असा एक मेसेज आला, तो पुसून टाकला. ईशाने दोनदा 'अरे मम्मा' म्हटलं आणि दोन्ही वेळा मी इतकं वाईट तोंड केलं की पोर घाबरली. तिची चूक नव्हती, माझी होती. तिला ते नीट सांगता आलं नाही.

इत्सियारच्या जागेवर महिन्याभरात नाशिकचे एक पाटील आले. तरुण, कामाला चांगले, नम्र. मला मॅडम म्हणतात, मी त्यांना तुम्ही म्हणते. सकाळी दार ढकलताना सवयीने माझं तोंड उघडतं, "एतोरी…" आणि तिथे अडतं, कारण पुढे काय लावायचं ते ठरवावं लागतं. 'नाउक' म्हणण्याइतकी पाटलांशी ओळख नाही. 'नाइस' म्हणजे समोर कुणीच नसल्यासारखं. मी आत जाऊन ऍप्रन चढवते.

गेल्या मंगळवारी पाटील नमुन्यांचं कपाट आवरत होते. जुन्या चकत्या, मुदत संपलेल्या बाटल्या, सगळं काढून टेबलावर मांडलं होतं. मग कपाटाच्या दाराची आतली बाजू बघत म्हणाले, "मॅडम, इथे एक कागद चिकटवलाय. नाउक, नाउन, रे, गं असं काहीतरी. जुन्या ग्रेडचे कोड आहेत का? काढून टाकू?" एका कोपऱ्याची चिकटपट्टी त्यांनी नखाने उचललीही होती. मी म्हटलं, असू द्या. पुढे जाऊन तो कोपरा अंगठ्याने दाबून परत बसवला. हरभऱ्याएवढा अनुस्वार होता तिथेच, जागचा हललेला नव्हता.

मग मी म्हटलं, "ओन्दो एगिन दुन." मोठ्याने. माझ्या आवाजाने यंत्राजवळचा मदतनीससुद्धा वळला असावा. शेवटचा 'न' मी नीट उच्चारला, जसा मावशीचा असायचा तसा, ओढून.

पाटलांनी कपाटातून मान बाहेर काढली. "मला काही म्हणालात का, मॅडम?"

"नाही हो," मी म्हटलं, "तुम्हाला नाही."